उत्प्रेरकांचीं घरें

घर बांधतांना गवंडी विटा मोजतो, सुतार लांकूड मोजतो. राहावयास येणारा मात्र आंत मोकळी जागा किती आहे तें पाहतो. भिंती कितीही भक्कम असल्या तरी मनुष्याचा संसार चालतो तो भिंतींच्या मधल्या पोकळींत. ही साधी गोष्ट रसायनशास्त्राला उमगण्यास बराच काळ लागला. पदार्थ म्हणजे भरीव वस्तु आणि पोकळी म्हणजे त्यांतील उणीव, असा समज पुष्कळ दिवस रूढ होता. ज्या पदार्थांचा इतिहास येथें सांगावयाचा आहे, त्यांचें सारें महत्त्व त्यांच्या पोकळींत आहे. धातूचे अणु आणि कार्बनी रेणु यांचा सांगाडा उभारावयाचा, त्यांत रिकाम्या कोठड्या ठेवावयाच्या, आणि त्या कोठड्यांत उत्प्रेरकांना बिऱ्हाड करून द्यावयाचें, ही कल्पना कशी सुचली, तिच्या वाटेंत कोणत्या अडचणी आल्या, आणि तिच्यापासून काय मिळालें व काय मिळावयाचें राहिलें आहे, याचा हा वृत्तांत आहे.

उत्प्रेरक म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८२३ सालीं जर्मनींतील येना येथील प्राध्यापक डोबेरायनर यानें भुसभुशीत प्लॅटिनमवर हायड्रोजन वायूचा झोत सोडला. प्लॅटिनम तापून लाल झालें आणि वायूनें पेट घेतला. काडी लावली नव्हती, ठिणगी पाडली नव्हती; आणि प्लॅटिनम होतें तेवढेंच शिल्लक राहिलें. अशा प्रकारच्या अनेक क्रिया एकत्र करून १८३६ सालीं स्वीडनचा रसायनज्ञ बर्झेलियस यानें त्यांना एक नांव दिलें. त्या क्रियेस आज मराठींत उत्प्रेरण म्हणतात, आणि ती घडवून आणणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ दोन घरांना एकत्र आणतो, बोलणें पुरें करतो आणि स्वतः पुढच्या घरची वाट धरतो; उत्प्रेरकाचें काम थेट असेंच असतें. पेट्रोल, खतें, कृत्रिम वस्त्रें आणि औषधें यांचे कारखाने आज या मध्यस्थावांचून एक दिवसही चालावयाचे नाहींत.

परंतु या मध्यस्थाच्या दोन खोडी आहेत. पहिली अशी कीं, घन उत्प्रेरकाचें काम त्याच्या पृष्ठभागावर चालतें. पोटांतील अणु फुकट जातात. एक सेंटिमीटर बाजूचा प्लॅटिनमचा घन घेतला तर त्याचें पृष्ठ अवघें ६ चौरस सेंटिमीटर भरतें. त्याचेच सेंटिमीटरच्या एक-कोट्यांश बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचें मिळून पृष्ठ ६,००० चौरस मीटर होईल. तेव्हां महाग धातूचा पुरता उपयोग व्हावयाचा तर त्याची अत्यंत बारीक पूड केली पाहिजे. पण अशी पूड मोकळी ठेवली कीं तिचे कण उष्णतेनें एकमेकांना चिकटतात आणि पाहतां पाहतां पुन्हा मोठे गोळे होतात. दुसरी खोडी विरघळणाऱ्या उत्प्रेरकांची. ते द्रवांत सर्वत्र पसरून नेमकें काम करतात. परंतु काम संपल्यावर मिठाप्रमाणें द्रवांतच मिसळून राहतात. त्यांना परत मिळविणें खर्चाचें होतें. आणि औषध बनविण्यासाठीं पॅलेडियमसारखा धातु वापरला असेल, तर त्याचा शेष औषधांत राहूं नये म्हणून वेगळी शुद्धि करावी लागते. या दोन्ही दोषांवर उपाय एकच दिसत होता: उत्प्रेरकाला असें घर द्यावें, जेथें तो स्वतः अडकून राहील, पण कच्चा माल आंत जाऊं शकेल आणि पक्का माल बाहेर येऊं शकेल.

असें घर सृष्टीनें आधींच बांधून ठेवलेलें होतें. १७५६ सालीं स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेट एक दगड फुंकणीच्या ज्वाळेंत तापवीत होता. दगड उकळल्यासारखा फुगला आणि त्यांतून वाफ निघाली. क्रोन्स्टेटनें त्याला झिओलाइट, म्हणजे ग्रीक भाषेंत 'उकळणारा दगड', असें नांव दिलें. महाराष्ट्राला हे दगड परके नाहींत. दख्खनच्या काळ्या फत्तरांत लाव्हा थंड होतांना जे वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत पुढें स्टिल्बाइट, ह्यूलॅंडाइट, स्कोलेसाइट अशा झिओलाइटांचे पांढरे व गुलाबी स्फटिक वाढले. पुणें, नाशिक, जळगांव या भागांत खाणींत किंवा विहीर खणतांना ते निघतात, आणि जगांतील अनेक संग्रहालयांत इकडचे नमुने ठेवलेले आहेत. खडकाच्या पोकळींत वाढलेल्या या स्फटिकांच्या अंगांतही पोकळी असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यांत रेणूच्या मापाचे बोळ असून त्यांत पाणी राहतें. तापविलें कीं तें बाहेर पडतें, आणि सांगाडा न ढासळतां उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास हे दगड कारखान्यांत तयार होऊं लागले. इंग्लंडांत रिचर्ड बॅरर यानें त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. अमेरिकेंत युनियन कार्बाइड कंपनींतील रॉबर्ट मिल्टन यानें १९५० च्या सुमारास सृष्टींत न सांपडणारे झिओलाइट बनविले. १९६२ पासून खनिज तेलाचे मोठे रेणु फोडून पेट्रोल काढण्याच्या कामीं झिओलाइट वापरले जाऊं लागले, आणि तेलशुद्धीच्या धंद्याचें रूपच पालटलें. तत्पूर्वीं १९६० सालीं वाइस व फ्रिलेट यांनीं एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली होती. झिओलाइटाच्या खिडकींतून जो रेणु आंत शिरूं शकतो त्याच्यावरच क्रिया होते. आडदांड रेणु दाराबाहेरच राहतो. म्हणजे घर केवळ आसरा देत नव्हतें, तें द्वारपालाचेंही काम करीत होतें.

या विद्येंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेंही आपला वांटा उचलला आहे. १९५० सालीं सुरू झालेल्या या संस्थेंत पॉल रत्नसामी व त्यांचे सहकारी यांनीं झिओलाइट उत्प्रेरक तयार केले, आणि १९८० नंतरच्या दशकांत ते बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यांत झायलीन नांवाच्या द्रव्यावर काम करूं लागले. पुढच्या दशकांत याच प्रयोगशाळेंत रॉबर्ट राजा व रत्नसामी यांनीं तांब्याचा थॅलोसायनीन नांवाचा संयुक्त पदार्थ झिओलाइटाच्या कोठडींत बसवून त्याच्याकडून उत्प्रेरकाचें काम करून घेतलें. हा रेणु कोठडीच्या खिडकीहून मोठा असतो. त्याचे लहान लहान भाग आंत सोडून तेथेंच त्याची जुळणी करावी लागते, आणि एकदां जुळणी झाली कीं त्याला बाहेर पडतां येत नाहीं. वेलीवरची कोवळी काकडी बाटलींत घालून वाढविली, तर पुढें ती बाटलींतून निघत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

एवढें असून झिओलाइट अपुरे कां पडले? त्यांच्या नेहमींच्या खिडक्या एका मीटरच्या अब्जांशाहूनही अरुंद असतात. पेट्रोलच्या रेणूंना त्या पुरतात. औषधांच्या मोठ्या रेणूंना पुरत नाहींत, आणि जिवंत पेशींतील एन्झाइमांना तर मुळींच नाहींत. शिवाय सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या भिंतींत मनाजोगता फेरफार करण्यास वाव थोडा. घर मिळालें होतें, पण तें भाडेकरूनें आपल्या बेतानें बांधलेलें नव्हतें.

बेतानें घर बांधण्याची युक्ति धातूंच्या एका जुन्या विद्येंतून निघाली. १८९३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें आल्फ्रेड वेर्नर यानें असें प्रतिपादन केलें कीं, धातूचा अणु आपल्या भोंवतीं इतर रेणूंना ठराविक संख्येनें व ठराविक दिशांना धरून ठेवतो. बर्लिन येथें अठराव्या शतकाच्या आरंभीं निघालेला प्रशियन निळा रंग हा याच जातीचा पदार्थ होय, हें १९३६ सालीं केगिन व माइल्स यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें त्याची रचना उलगडली तेव्हां दिसून आलें. लोखंडाचे अणु कोपऱ्यांवर आणि सायनाइडाचे दांडे मध्यें, अशी ती जाळी आहे. पण अशी जाळी हेतुपूर्वक आणि हव्या त्या मापाची विणतां येईल, हें कोणाच्या फारसें मनांत आलें नव्हतें.

तें आलें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न विद्यापीठांत रिचर्ड रॉबसन यांच्या. १९७४ सालीं विद्यार्थ्यांना रेणूंची रचना दाखविण्यासाठीं त्यांना लांकडी गोळे हवे होते. कोणत्या अणूला किती हात व ते कोणत्या दिशेनें, हें ठरवून गोळ्यांना भोंकें पाडावीं लागतात. रॉबसन यांनीं भोंकांच्या जागा आंखून दिल्या आणि गोळे विद्यापीठाच्या कारखान्यांतून तयार होऊन आले. ते जोडून पाहतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, भोंकें योग्य जागीं असलीं म्हणजे रचना जवळजवळ आपोआप योग्य होते. मग गोळ्यांच्या ऐवजीं खरे अणु व खरे रेणु घेतले तर? विचार सुचला, परंतु तो प्रयोगांत उतरण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. तांब्याच्या आयनाला चार हात असतात. रॉबसन यांनीं चार टोकें असलेला कार्बनी रेणु त्याच्याशीं जुळविला, आणि हिऱ्यांतील अणूंच्या मांडणीप्रमाणें मांडणी असलेला स्फटिक मिळाला. फरक एवढाच कीं हिरा ठासून भरलेला, आणि हा स्फटिक मोठमोठ्या पोकळ्यांचा. १९८९ सालीं हें काम प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं बर्नार्ड हॉस्किन्स यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत रॉबसन यांनीं अशा सांगाड्यांचा उत्प्रेरणासाठीं उपयोग होऊं शकेल असें भाकीतही केलें. पण त्यांचे सांगाडे नाजूक होते आणि सहज ढासळत. हें निरुपयोगी काम आहे, असें म्हणणारे रसायनज्ञ त्या वेळीं होते.

जपानांत सुसुमु किटागावा यांनाही हेंच ऐकावें लागलें. त्यांनीं तरुणपणीं भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांच्या ग्रंथांत च्वांग-त्स या प्राचीन चिनी तत्त्ववेत्त्याचा विचार वाचला होता: आज जें निरुपयोगी दिसतें त्याचाही उपयोग असूं शकतो. १९९२ सालीं त्यांनीं बनविलेला पहिला सच्छिद्र पदार्थ खरोखरच विशेष उपयोगाचा नव्हता. त्यांनीं अनुदानासाठीं अर्ज केले, तेव्हां द्रव्य देणाऱ्या मंडळींना झिओलाइट असतांना या ठिसूळ वस्तूंचें प्रयोजन कळेना. १९९७ सालीं कोबाल्ट, निकेल किंवा जस्त आणि बायपिरिडीन नांवाचा दांड्यासारखा रेणु यांपासून त्यांनीं असा सांगाडा केला कीं, त्यांतील पाणी काढून घेतलें तरी तो टिकला आणि मिथेन, नायट्रोजन व ऑक्सिजन हे वायु आंत घेऊन पुन्हा सोडूं लागला. याच देशांत १९९४ सालीं माकोटो फुजिता व त्यांचे सहकारी यांनीं कॅडमियम व बायपिरिडीन यांच्या चौकोनी जाळीकडून एक रासायनिक क्रिया घडवून आणली होती. नुसत्या कॅडमियमच्या क्षारानें किंवा नुसत्या बायपिरिडीननें ती होत नव्हती. जाळी विणल्यावरच झाली. अशा जाळीनें उत्प्रेरकाचें काम केल्याचें हें अगदीं आरंभींचें उदाहरण होय.

या विद्येला तिचें रूढ नांव आणि भक्कम पाया मिळाला तो ओमर यागी यांच्या हातून. त्यांचा जन्म १९६५ सालीं जॉर्डनची राजधानी अम्मान येथें एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांत झाला. घरांत वीज नव्हती, नळाचें पाणी नव्हतें, आणि एकाच खोलींत सारें कुटुंब व गुरेंढोरें राहत. दहा वर्षांच्या वयांत, एरवीं कुलूप असणाऱ्या शाळेच्या ग्रंथालयांत हा मुलगा शिरला, आणि हातीं आलेल्या पुस्तकांत त्यानें रेणूंचीं चित्रें पाहिलीं. पंधराव्या वर्षीं वडिलांनीं त्याला शिक्षणासाठीं अमेरिकेस धाडलें. याच यागींनीं १९९५ सालीं 'धातु-सेंद्रिय सांगाडा' हें नांव प्रचारांत आणलें, आणि १९९९ सालीं एम्. ओ. एफ्. ५ हा प्रसिद्ध पदार्थ जगापुढें ठेवला. त्याच्या कोपऱ्यांवर जस्त व ऑक्सिजन यांचे झुपके असतात, आणि मधले दांडे टेरेफ्थॅलिक आम्लाचे. श्रोत्यांच्या ओळखीचें टेरिलीनचें कापड ज्यापासून होतें तेंच हें आम्ल. आणि तें मिळतें झायलीनपासून, ज्याच्या कारखान्यांत झिओलाइट राबतात. जुन्या घरानें नव्या घराला वांसे पुरविले, असें म्हणावयास हरकत नाहीं. हा सांगाडा ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला तरी ढासळत नाहीं, आणि त्याच्या दोन ग्रॅमच्या पोटांतील पृष्ठ फुटबॉलच्या मैदानाएवढें भरतें.

घरें उभीं राहिलीं. आतां बिऱ्हाडकरू आले. कांहीं ठिकाणीं घराची भिंतच कामाला लागली. १९९९ सालीं हॉंगकॉंग येथें केलेल्या तांब्याच्या सांगाड्यांत तांब्याच्या अणूचा एक हात मोकळा करतां येतो, आणि त्या हातानें तो येणाऱ्या रेणूला पकडतो. २००० सालीं कोरियांत किमून किम यांच्या मंडळीनें चिंचेला आंबटपणा देणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या एका रूपापासून सांगाडा केला. डाव्या-उजव्या हातांप्रमाणें परस्परांचीं प्रतिबिंबें असलेल्या रेणूंत निवड करण्याचा तो प्रयत्न होता. औषधांत अशा निवडीला फार महत्त्व आहे, कारण एका हाताचा रेणु गुण देतो आणि दुसऱ्या हाताचा कधीं कधीं अपाय करतो. त्या प्रयोगांत एका हाताचा वरचढपणा शेंकडा ८ च्या आसपासच निघाला. पण वाट दिसली.

खरे पाहुणे २००५ पासून येऊं लागले. त्या वर्षीं फ्रान्समध्यें व्हर्साय येथें जेरार फेरे यांनीं क्रोमियमचा एम्. आय. एल्. १०१ हा सांगाडा प्रसिद्ध केला. त्याच्या दोन प्रकारच्या कोठड्या मीटरच्या अब्जांशाच्या अनुक्रमें सुमारें २·९ व ३·४ पट रुंद आहेत. टंगस्टनचे मोठे आयन त्यांनीं या कोठड्यांत बसवून दाखविले. त्याच वर्षीं जर्मनींत बोखुम येथें रोलंड फिशर यांनीं धातूंच्या वाफाळणाऱ्या संयुगांची वाफ एम्. ओ. एफ्. ५ मध्यें मुरविली आणि आंतच त्या संयुगांचे धातूचे सूक्ष्म कण केले. प्रत्येक कण कोठडींत राहिला तर त्याला शेजाऱ्याशीं चिकटण्यास वाव थोडा. म्हणजे पहिल्या खोडीवर उपाय सांपडला. २००८ सालीं मोहमद एडाउदी यांच्या मंडळीनें पॉर्फिरीन हा रेणु इंडियमच्या सांगाड्यांत, सांगाडा वाढत असतांनाच, कोंडून ठेवला. हा पॉर्फिरीन म्हणजे रक्ताच्या लाल रंगद्रव्याचा नातलग. तो बाहेर गळत नाहीं. म्हणजे दुसऱ्या खोडीचाही बंदोबस्त झाला.

याहून नवलाची गोष्ट एन्झाइमांची. जिवंत शरीरांतील हे उत्प्रेरक अत्यंत कुशल, पण अत्यंत नाजूक. ऊन पाण्यानें वा तीव्र द्रावकानें ते निकामी होतात. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं जस्त व मिथिल-इमिडाझोल यांच्या द्रावणांत प्रथिनें सोडलीं, तेव्हां शिंपल्यांतील किडा जसें आपल्याभोंवतीं कवच करतो तसा सांगाडा प्रथिनाभोंवतीं आपोआप वाढला. या कवचांतील एन्झाइम उकळत्या पाण्यांतून निघूनही आपलें बरेचसें काम करूं शकलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत ओमर फर्हा व जोसेफ हप यांच्या मंडळीनें झिर्कोनियमच्या सांगाड्याकडून मज्जातंतूंना लुळे करणाऱ्या फॉस्फरसयुक्त युद्धविषांचें झपाट्यानें विघटन करवून दाखविलें. ज्या विषांवर १९९७ पासून अंमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें बंदी आहे, त्यांचे सांठे नष्ट करणें आणि त्यांपासून मनुष्यास वांचविणें, हें काम या पोकळ स्फटिकांकडून होण्यासारखें आहे.

तथापि कौतुकाबरोबर हिशेबही पाहिला पाहिजे. एम्. ओ. एफ्. ५ उष्णतेला दाद देत नाहीं, पण दमट हवेंत ढासळतो. कोंकणांतल्या एका पावसाळ्यांतही तो टिकावयाचा नाहीं. २००८ सालीं ऑस्लो येथें झिर्कोनियमचा यू. आय. ओ. ६६ हा सांगाडा निघाला, तेव्हां पाणी व उष्णता या दोहोंना तोंड देणारें घर मिळालें. दुसरी शंका अधिक खोल आहे. क्रिया कोठडींतच झाली, कीं स्फटिकाच्या बाहेरच्या अंगावर, कीं कांहीं धातु हळूच गळून द्रवांत गेला आणि त्यानेंच काम केलें? म्हणून चोख संशोधक दोन परीक्षा घेतात. क्रिया अर्ध्यावर असतां घन पदार्थ गाळून काढतात. त्यानंतरही द्रवांत क्रिया चालू राहिली, तर उत्प्रेरक घर सोडून पळाला असें समजावें. तसेंच खिडकींत न मावणारा मोठा रेणु देऊन पाहतात. त्याच्यावरही तितक्याच वेगानें क्रिया झाली, तर आंतल्या कोठडीची बढाई व्यर्थ. या कसोटीला सगळेच उतरत नाहींत. खर्चाचा प्रश्न निराळाच. तेलशुद्धीच्या प्रचंड भट्ट्यांत आजही झिओलाइटच राबतात; त्यांची स्वस्ताई व चिवटपणा नव्या सांगाड्यांना गांठतां आलेला नाहीं.

२०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक किटागावा, रॉबसन आणि यागी यांना विभागून देण्यांत आलें, तेव्हां रॉबसन यांचें वय ८८ वर्षांचें होतें आणि लांकडी गोळ्यांना ५१ वर्षें लोटलीं होतीं. आतांपर्यंत असे सांगाडे हजारोंनीं तयार झाले आहेत. त्यांतले कोणते कारखान्यांत टिकतील, तें दमट हवा, उष्णता आणि बाजारभाव हे तीन परीक्षक ठरवितील. पण एक निकाल लागून चुकला आहे. किटागावांचे अर्ज आले तेव्हां प्रयोजन विचारणाऱ्यांनीं भिंतींचा ठिसूळपणा पाहिला, आणि तो खोटा नव्हता. आंतल्या मोकळ्या जागेचें मोल मात्र त्यांच्या हिशेबांत धरलेलें नव्हतें. विद्येच्या क्षेत्रांत द्रव्य वांटण्याचें काम ज्यांच्याकडे असतें, त्यांनीं हा हिशेब जवळ ठेवण्यासारखा आहे. दख्खनच्या फत्तरांत बुडबुड्याची जागा रिकामी राहिली, म्हणूनच तेथें स्फटिक वाढूं शकले.